पंजाखालची जमीन

कांजूरमार्ग स्टेशनच्या पूर्वेला, कांजूर गावात बैठ्या घरांच्या पत्र्यांवरून हिंडणाऱ्या मांजरींना शी-शूची जागा कुणी दाखवून दिलेली नसते. बांधकामासाठी टाकलेला रेतीचा ढीग, नारळाच्या बुंध्याशी असलेली भुसभुशीत माती, कोपऱ्यात साठलेला पालापाचोळा, जे सापडेल ते पंजाने उकरायचं, काम उरकायचं, वर माती ओढायची, हुंगून खात्री करायची आणि निघून जायचं. एक जागा चिखलाची झाली तर दुसरी शोधायची. पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गालगत कारखान्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांत वाढणाऱ्या मांजरीला ही निवड नाही. बाथरूमच्या दाराशी किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवलेला प्लास्टिकचा ट्रे आणि त्यात दोन बोटं जाडीचं ओतलेलं लिटर, म्हणजे शी-शूसाठीची विकतची माती किंवा भुसा, एवढीच तिची जमीन. ती कशाची असावी हे घरातली माणसं ठरवतात आणि दुसरी पिशवी स्वस्त मिळाली किंवा कुणी नवा प्रकार सुचवला की एका सकाळी बदलूनही टाकतात. त्याच संध्याकाळी पायपुसणं ओलं सापडतं. मग ‘हट्टी आहे’, ‘मुद्दाम करते’, ‘राग काढते’ असे शेरे सुरू होतात. मला हे शेरे अन्यायाचे वाटतात. आपल्या लेखी लिटर हा साफसफाईचा माल आहे. मांजरीच्या लेखी ती तिच्या वाट्याला आलेली एकुलती एक माती आहे. ती बदलायला हरकत नाही, पण नवी ओळखीची होईपर्यंत जुनी तिच्या पायाखालून काढून घ्यायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. पिल्लूपणापासून म्हातारपणापर्यंत मांजरीचं सगळं आयुष्य त्याला साक्ष आहे.

या आयुष्याची सुरुवात वरच्या मजल्यावर क्वचितच होते. फ्लॅटमध्ये पाळलेल्या कितीतरी देशी मांजरी जन्मतात त्या खाली: जिन्याखालच्या अंधारात, मीटरच्या खोलीत, पार्किंगमध्ये बंद पडलेल्या गाडीच्या आडोशाला. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते आणि आईच ती साफ करते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास भुसभुशीत काही पायाखाली आलं की पिल्लू उकरायला लागतं. हे कुणी शिकवावं लागत नाही. आईविना, ड्रॉपरने दूध पाजून वाढवलेली पिल्लंही उकरतात. पाळीव मांजरीचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातलं आफ्रिकी रानमांजर, आणि उकरून झाकण्याची ओढ रक्तातून येते ती तिथून. पण उकरायचं कशात, हे बरंचसं या कोवळ्या आठवड्यांत ठरतं. पंजाच्या गाद्यांवर केस नसतात. स्पर्श आणि दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं तिथे दाटीने असतात. त्या गाद्यांनी जी माती ओळखीची करून घेतली, ती पुढे ‘योग्य’ माती ठरते. आता दोन महिन्यांचं झालेलं, कंपाउंडमधल्या रेतीवर वाढलेलं पिल्लू उचलून चौदाव्या मजल्यावर नेलं आणि लाकडाच्या जाड गोळ्यांवर उभं केलं, तर त्याने बाल्कनीतल्या कुंडीकडे धाव घ्यावी यात नवल नाही. त्याला कुंडीतली माती ओळखता येते, गोळ्या ओळखता येत नाहीत. अशा पिल्लाच्या ट्रेत पहिले काही दिवस खालचीच थोडी स्वच्छ, कोरडी रेती मिसळली तर त्याला जागेचा अर्थ लगेच कळतो. (अगदी लहान पिल्लं लिटर तोंडातही घालतात, म्हणून गुठळी धरणारी माती त्यांना देऊ नये.)

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेत प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे पीटर बोर्शेल्ट यांनी १९९१ मध्ये मांजरींच्या या सवयींविषयी जे लिहिलं, त्यात बारीक कणांची, गुठळी धरणारी माती मांजरींना इतर प्रकारांपेक्षा अधिक पसंत पडते असं आढळलं होतं. डेब्रा हॉर्विट्झ या पशुवैद्य संशोधिकेने १९९७ मध्ये ट्रेबाहेर घाण करणाऱ्या मांजरींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुगंधी लिटर हे तक्रारीशी जोडलेल्या गोष्टींपैकी एक निघालं. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की आपल्या बाजारातल्या पिशव्यांकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. लव्हेंडर, लिंबू, सफरचंद हे वास माणसाच्या नाकासाठी घातलेले असतात. ट्रेत तोंड घालून हुंगणारी मांजर मात्र आपला कालचा वास शोधत असते, कारण तोच तिला सांगतो की ही जागा आपली. बारीक कणांवरून मोठ्या गोळ्यांवर आणि बिनवासाच्या मातीवरून लव्हेंडरवर अशी उडी एकाच दिवशी मारायला लावली, तर स्पर्श आणि गंध या तिच्या दोन्ही खुणा आपण एकदम पुसलेल्या असतात.

माणसाला मात्र बदल हवा असण्याची कारणं खरी आहेत, आणि कांजूरमार्गात तर ती फारच जवळची आहेत. पूर्वी चाळीत मांजर पाळणारं घर फुटक्या घमेल्यात रेती, चुलीची राख किंवा वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा ठेवायचं. परदेशातही याहून वेगळं नव्हतं. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो या व्यापाऱ्याने राखेला कंटाळलेल्या शेजारणीला, कारखान्यांत सांडलेलं तेल शोषण्यासाठी तो विकत असलेली माती देऊन पाहिली. आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्या कुळातलीच ती. त्यातून विकतच्या लिटरचा धंदा उभा राहिला. १९८० च्या दशकात ओलाव्याने फुगून घट्ट गुठळी धरणारं बेंटोनाइट आलं आणि रोज सगळा ट्रे ओतून टाकण्याऐवजी फक्त गुठळ्या उचलणं शक्य झालं. हे बेंटोनाइट आपल्याकडे कच्छमध्ये आणि राजस्थानात बारमेरकडे मुबलक सापडतं. मांजरीच्या दृष्टीने ते उत्तम, कारण ते रेतीच्या सर्वांत जवळचं. अडचण पुढे आहे. ती माती आहे, कुजत नाही, जळत नाही, आणि दर महिन्याला काही किलो वजनाने घराबाहेर पडते. कुठे जाते? रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा करणाऱ्या मुंबईचा बहुतांश कचरा पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडच्या कांजूरच्या क्षेपणभूमीवर येतो. तिच्या वासाने कांजूर, विक्रोळी, भांडुपच्या रहिवाशांना वर्षानुवर्षं खिडक्या लावून बसावं लागलं आहे. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथली सुमारे १२० हेक्टर जागा संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कचऱ्याचा डोंगर आहे तिथेच आहे. इथल्या घराने ‘आमच्या मांजरीची माती तरी त्यात नको’ म्हणून सोयाबीनच्या चोथ्याचं टोफू लिटर, मक्याचं किंवा लाकडाच्या भुशाचं लिटर आणायचं ठरवलं, तर त्याला मी नाव ठेवणार नाही. बेंटोनाइटची बारीक धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते, हेही कारण पुरेसं आहे. प्रश्न बदलावं की नाही हा नाही, घाईचा आहे.

मग बदलायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट. लिटर बदलायचं ठरलं तर ट्रे तोच, जागा तीच, साफ करायची वेळही तीच. पहिले तीन-चार दिवस जुन्या लिटरमध्ये मूठभर नवं कालवायचं, ते मान्य झालं की पाव हिस्सा, मग निम्मं, आणि जुनं अगदी शेवटपर्यंत थोडं ठेवायचं. कुणी आठवड्याभरात पार होते, कुणाला महिना लागतो. मांजर आपलं मत बोलून दाखवत नसली तरी लपवतही नाही. चारही पाय आत न ठेवता ट्रेच्या कडेवर तोल सांभाळत बसणं, पंजा झटकणं, लिटर सोडून भिंत किंवा ट्रेची कड खरवडणं, न झाकता उडी मारून पळणं, ही नापसंतीची चिन्हं. यांतलं काही दिसलं की पुढची पायरी चढायची नाही, मागची उतरायची. टोफूच्या किंवा लाकडाच्या गोळ्या मातीत नुसत्या मिसळल्या तर दोन्ही वेगवेगळं राहतं, पंजाखाली खडे येतात. म्हणून लाकडाच्या गोळ्या आधी थोड्या पाण्याने फोडून, सुकवून त्यांचा भुसा करावा आणि तो मिसळावा. टोफूच्या कांड्या पोळपाटावर नको, पण जुन्या लाटण्याने किंवा बत्त्याने चुरडता येतात. स्पर्श आधी ओळखीचा, आकार नंतर. गंधासाठी जुन्या ट्रेतली एखादी गुठळी नव्या लिटरमध्ये एक दिवस राहू द्यावी. स्वच्छताप्रिय माणसाला हे खटकतं, पण मांजरीला नेमकी तीच खूण हवी असते.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप अनुभवी लोकांचाच असतो: ‘आम्ही एका दिवसात बदललं, काही झालं नाही. पर्याय नसला की मांजर बरोबर जाते.’ हे खोटं नाही. अनेक मांजरी खरोखरच जातात. पण कोणती जाईल आणि कोणती नाही हे आधी कळत नाही, आणि न जाणाऱ्या मांजरीला किंमत फार मोजावी लागते. न आवडलेल्या ट्रेपाशी मांजर शू रोखून धरते. घरातले बदल आणि ताण यांमुळे मांजरींच्या मूत्राशयाला जंतूंशिवायही सूज येते, हे पशुवैद्यकात आता नीट प्रस्थापित झालेलं आहे. बोक्यांमध्ये मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हणून ट्रेत पुन्हा पुन्हा जाऊन बसणारा, कण्हणारा, थेंबही न करणारा बोका ‘नव्या लिटरवर रुसलाय’ असं समजून थांबायचं नसतं, त्याच तासाला पशुवैद्य गाठायचा असतो. घराजवळचा दवाखाना बंद असेल तर परळचं बाई साकरबाई रुग्णालय किंवा महालक्ष्मीचं प्राणी रुग्णालय. दुसरं असं, की ‘पर्याय नाही’ हे आपलं मत आहे. मांजरीला पर्याय दिसतात: पायपुसणं, धुवायच्या कपड्यांची बादली, सोफ्याचा कोपरा, बाथरूमची जाळी. मऊ कापडावर चार वेळा गेलं की कापडच तिची नवी माती होते, आणि ती सवय मोडणं लिटर बदलण्याहून कितीतरी अवघड. दोन आठवड्यांचं मिश्रण वाचवून दोन वर्षांची कटकट घ्यायची, याला मी व्यवहार म्हणत नाही.

‘सूड’ या समजुतीलाही इथेच उत्तर द्यायला हवं, कारण तिच्यामुळे मांजरीला मार बसतो. मालकाच्या गादीवर शू केली म्हणजे मालकावर राग, असं माणसाला वाटतं, कारण माणूस असं करू शकतो. मांजरीकडे पाहिलं तर गादी मऊ असते, उंचावर, दाराकडे पाठ न करता बसण्याजोगी असते आणि तिला घरातल्या माणसाचा ओळखीचा वास असतो. बावरलेल्या प्राण्याने सुरक्षित जागा निवडावी, यात सूड कुठे आला? मारलं किंवा तोंड त्यात घासलं की ती फक्त एवढं शिकते की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे, आणि मग कपाटामागे जाते. त्याहून वाईट म्हणजे त्या जागेवर ओतलं जाणारं फिनाईल. दारोदार विकलं जाणारं काळं फिनाईल आणि फिनॉल असलेली इतर जंतुनाशकं मांजरीला विषारी आहेत. असे पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची जी शक्ती इतर प्राण्यांच्या यकृतात असते ती मांजरीच्या यकृतात फार तोकडी असते. ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते आणि विष पोटात जातं. अमोनियाचे क्लीनरही नकोत, कारण त्यांचा वास मुताच्या वासाशी जुळतो आणि जागा आणखी पक्की होते. एन्झाइमचं क्लीनर सर्वांत चांगलं. नसेल तर साध्या कपडे धुण्याच्या पावडरीने धुऊन, भरपूर पाणी मारून, उन्हात वाळवावं.

घरात जागाच नाही, हा आक्षेप मात्र मी हलक्याने घेणार नाही. २०१४ मध्ये अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय मार्जारवैद्यक संघटनांनी संयुक्तपणे दिलेली सूचना अशी, की ट्रेची लांबी मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी, आणि मांजरी जितक्या, त्याहून एक ट्रे अधिक. वन बीएचकेत राहणाऱ्या, सासू-सासरे आणि शाळेतली दोन मुलं सांभाळणाऱ्या बाईला दोन मोठे ट्रे ठेवा म्हणणं सोपं आहे. पण दुसरा ट्रे कायमचा नको, फक्त बदलाच्या काळापुरता हवा. एका ट्रेत जुनं, शेजारी दुसऱ्यात नवं, आणि निवड तिची. विकत ट्रेच घ्यायला हवा असंही नाही, भांडी ठेवायचा रुंद उथळ टब चालतो. ज्या मांजरीला मिश्रण आवडत नाही, तिच्यासाठी ही दोन ट्रेंची पद्धत अधिक चांगली, कारण तिच्या ओळखीची माती आपण गढूळ करत नाही. ती आपणहून नव्यात जायला लागली की जुन्यातलं लिटर कमी करत आणायचं. नाहीच गेली, तर तिचं उत्तर मिळालं. तेव्हा दुसरा प्रकार बघावा किंवा जुन्यावर परत यावं. यात पराभव नाही. कांजूरच्या डोंगराची काळजी असलेल्या घराला बेंटोनाइटवर राहूनही रोज फक्त गुठळ्या उचलून लिटर पुरवून वापरता येतं, खर्च आणि कचरा दोन्ही घटतो.

वेळ निवडणं हेही आपल्याच हातात आहे. खाडीला लागून असलेल्या या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. लाकडाच्या गोळ्या हवेतल्या दमटपणानेच फुगून सुटतात, टोफूला बुरशी धरते, मुंग्या लागतात, बेंटोनाइटही उघड्या पिशवीत ओल धरतं. ओलसर, आंबूस नवं लिटर पहिल्याच भेटीत नापसंत झालं तर दोष मांजरीचा कसा? दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बदलाला सुरुवात करावी. आणि पुनर्विकासात जुनी खोली सोडून भाड्याच्या घरात जायचं असेल, तर त्या महिन्यात लिटरला हात लावू नये. आपल्याकडे म्हणतात, कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला. घर सुटलेल्या मांजरीकडे ओळखीचं असं उरलेलं असतं ते जुन्या लिटरचा न धुतलेला ट्रे. तो टेम्पोत सर्वांत शेवटी चढवावा आणि नव्या घरात सर्वांत आधी उतरवावा.

‘फ्लश करता येतं’ म्हणून टोफू निवडणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. काही मांजरींच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे सूक्ष्म कोश बाहेर पडतात, ते सांडपाण्याच्या प्रक्रियेत सहजी मरत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरांना झालेल्या या संसर्गाचा संबंध संशोधकांनी जमिनीवरून समुद्रात वाहत जाणाऱ्या पाण्याशी लावला आहे. आपल्या शेजारची ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. शी कागदात गुंडाळून कचऱ्यातच जाऊ द्यावी, फ्लशमध्ये नाही. शिवाय जुन्या इमारतींचे पाइप तेवढ्या चोथ्याला पुरे पडत नाहीत. हेच कोश बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ केला आणि घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने केलं, तर ‘बाळ येणार, मांजर सोडून या’ असं म्हणायची वेळ येत नाही.

मांजर दहा वर्षांच्या पुढे गेली की लिटरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी तो हाडांचा असतो. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरींचे एक्स-रे पाहिले गेले. त्यांतल्या नव्वद मांजरींच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही, फक्त खिडकीवर उडी मारणं सोडते आणि एक दिवस ट्रेच्या शेजारी, ट्रेला चिकटून शू करते. इतकी वर्षं आवडीचं असलेलं लिटर अचानक नकोसं झालं असं घराला वाटतं आणि नवी पिशवी आणली जाते. खरं तर तिला ट्रेची भिंत ओलांडता येत नसते, किंवा खोल लिटरमध्ये पाय रुतून गुडघा दुखतो, किंवा मूत्रपिंडं थकल्यामुळे शू इतकी वाढलेली असते की ट्रे दिवसातून दोनदा साफ करायला हवा. इथे लिटर बदलणं म्हणजे जे एक ओळखीचं उरलं आहे तेही काढून घेणं. ट्रेची एक बाजू कापून उंबरा दोन इंचांवर आणावा, कापलेल्या कडेला जाड चिकटपट्टी लावावी, खाली न सरकणारा रबराचा तुकडा टाकावा, लिटरचा थर बोटभरच ठेवावा आणि रात्री त्या कोपऱ्यात दिवा लागलेला असावा. रक्त-लघवीची तपासणी करून घ्यावी. या वयात लिटर बदलायचं कारण पशुवैद्याने दिलं तरच बदलावं, जसं शस्त्रक्रियेनंतर टाक्यांत धूळ जाऊ नये म्हणून काही दिवस कागदाचे तुकडे. आणि तेव्हाही तिच्या जुन्या मातीची पिशवी तोंड बांधून कपाटात जपून ठेवावी, टाके सुटले की तिला तीच लागणार आहे.